खांद्याच्या उंचीचा दगड

माझ्या बाबांना मी जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गचं कॅथेड्रल दाखवलं. सहाशे वर्षं चाललेलं बांधकाम, आभाळात घुसलेले दोन मनोरे, लोक माना मोडेस्तोवर वर बघत उभे. बाबांनी एकदा वर पाहिलं आणि म्हणाले, "उंच आहे." झालं! चालायला लागले. मी व्हिसासाठी कागद गोळा करून अर्धी झाले, आणि हा माणूस म्हणतो उंच आहे.

त्याच माणसानं पुढं डॅन्यूब नदीवरच्या जुन्या दगडी पुलावर पाऊण तास घालवला. पूल मधोमध उंच आहे, दोन्हीकडं उतार. बाबा इकडून चढले, तिकडून उतरले, पुन्हा चढले. म्हणाले, "भरल्या गाडीला इथं मागून दोन माणसं लागत असणार. आणि उतरताना जास्त. चढाला माणूस दमतो, उताराला मरतो." पुलाच्या टोकाला मिठाचं जुनं कोठार आहे, उतरत्या छपराचं, पाच मजली तरी असेल. ते बघून त्यांनी टोपी मागं सारली आणि खूश होऊन म्हणाले, "हे बघ, हे खरं काम!"

आता सांगते बाबा कोण. कचरू त्यांचं नाव. आधीची दोन मुलं गेली म्हणून आजीनं ठेवलेलं, तिसरं तरी टिकावं म्हणून. टिकले, आणि चांगलेच टिकले. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात त्यांनी एकतीस वर्षं हमाली केली. क्विंटलचं पोतं पाठीवर, हातात लोखंडी आकडा, तोंडानं "बाजू, बाजू!" संघटनेच्या सभेत ते पुढच्या रांगेत असत, आणि चौदा एप्रिलला पांढरा शुभ्र सदरा घालून माझं बोट धरून निघत. मला पाचवीत गणितात चाळीस मार्क पडले तेव्हा म्हणाले, "आमू, पोतं मी उचलतो. तू फक्त डोकं उचल." मी उचललं. कर्वेनगरला मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेले, हिंजवडीत नोकरीला लागले, आणि २००५ साली कंपनीनं मला इथं धाडलं, गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहायला. त्यात मी हुशार आहे. उगाच विनय कशाला करू?

पण दोन वर्षांपूर्वी, इथं आल्याच्या पहिल्याच आठवड्यात, मी एक माती खाल्ली होती.

नदीकडं उतरणाऱ्या एका बोळात फ्राऊ आइश्लर नावाच्या बाईंचं रेस्टॉरंट आहे. बोळ एवढा अरुंद की दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर एकीनं माघार घ्यायची. आत कमानीखाली सहा टेबलं, बाहेर ऊन असलं तर दोन. त्यांच्याकडं मसुराचं सूप मिळतं. सूप कसलं, आमटीच ती, फोडणी द्यायची राहून गेलेली. त्यासोबत काळा, जाड पाव. पहिल्या दिवशी तो घास घेतला आणि मला रडू आलं, इतकं ते आईच्या हातचं लागलं. तिथून मी आठवड्यातून तीनदा तिथंच.

त्या पहिल्या दिवशी समोर अवधूत बसला होता. माझ्याच टीममधला, सदाशिव पेठेतला, माझ्याआधी वर्षभर इथं आलेला. मुलगा वाईट नाही, फक्त त्याला सगळं माहीत असतं. त्यानं विचारलं, "पुण्यात कुठे?"

"मार्केट यार्डापाशी."

"अच्छा. म्हणजे वडिलांचा गाळा आहे?"

पुण्यात हा प्रश्न कुणी नुसता पत्ता म्हणून विचारत नाही. पत्त्यावरून धंदा, धंद्यावरून आडनाव, आडनावावरून बाकीचं सगळं. मी हे शाळेपासून ऐकत आलेय आणि दर वेळी ताठ मानेनं उत्तर दिलंय. वर्गात दिलंय, मुलाखतीत तीन साहेबांसमोर दिलंय. त्या दिवशी परका देश, तोंडात आमटीचा घास, डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "हो."

एवढंसं "हो." अवधूतनं ते लगेच जर्मनमध्ये फ्राऊ आइश्लरना सांगितलं, की हिचे वडील धान्याचे व्यापारी आहेत. बाईंना केवढा आनंद! त्यांचे आजोबाही धान्याचे व्यापारी. त्या दिवसापासून खिडकीजवळचं टेबल माझं, आणि दर वेळी पहिला प्रश्न, "व्यापारी साहेब कसे आहेत?" दोन वर्षं मी सांगत आले, "मजेत आहेत." खोटं एकदाच बोलावं लागतं हो, पुढं ते आपोआप चालतं.

आणि आता मे महिन्यात बाबा आले. फ्राऊ आइश्लरनी शनिवारी दुपारचं जेवण ठेवलं, व्यापारी साहेबांच्या मानाचं. अवधूतलाही बोलावलं. बाबांना जर्मन येत नाही, बाईंना मराठी येत नाही, मधे दुभाषी मी. आठवडाभर ठरवत होते की बाबांना आधीच सांगून टाकू. पण काय सांगणार? "बाबा, मी तुम्हाला नाकारलं"? शनिवार उजाडला.

ऊन होतं म्हणून टेबल बाहेर मांडलं होतं. अवधूत आधीच आलेला. उठून त्यानं नमस्कार केला. "या काका. आम्रपालीकडून खूप ऐकलंय. तुमचा गाळा कितव्या नंबरचा?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. एकदाच. कॅथेड्रलकडं पाहिलं होतं तेवढंच. मग खुर्ची ओढून बसत म्हणाले, "नंबराचं काय घेऊन बसलात अवधूतराव! यार्डात एक गाळा नाही, जिथं माझा पाय लागला नाही."

"अरे वा. म्हणजे व्याप मोठा."

"मोठा म्हणजे? पाठ मोडायची वेळ यायची."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. त्यांना कळलं होतं. कळलं होतं आणि ते मला सांभाळून घेत होते. लाज वाटली मला, त्यांची नाही, माझी स्वतःची.

फ्राऊ आइश्लर बाहेर आल्या, बाबांचा हात दोन्ही हातांत घेऊन दोन मिनिटं बोलल्या. आजोबा, धान्य, व्यापारातली सचोटी, काय काय. मी बाबांना म्हटलं, "या म्हणतायत."

"एवढं लांबलचक बोलल्या आणि नुसतं 'या'?"

मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

सूप यायला वेळ होता. बाबा इकडंतिकडं बघत होते आणि बघता बघता त्यांची नजर दाराशेजारच्या भिंतीवर थांबली. तिथं दोन दगडी खांबांवर टेकवलेली एक आडवी फरशी आहे. बसायला फार उंच, जेवायला फार अरुंद. बाई त्यावर फुलांच्या कुंड्या ठेवतात. येणारे-जाणारे त्याबद्दल हवं ते सांगतात. कुणी म्हणतं मासे विकायची फळी, कुणी म्हणतं देवाचं काहीतरी.

"ते होय?" अवधूत म्हणाला. "घोड्यावर चढायची पायरी आहे ती काका. मी वाचलंय."

बाबा उठले. "अवधूतराव, एवढ्या उंच पायरीवर चढायला आधी दुसरा घोडा लागेल." आणि सरळ एकेक कुंडी उचलून खाली ठेवायला लागले.

"बाबा! काय करताय? विचारलं तरी का?"

फ्राऊ आइश्लर हातातले चमचे टाकून धावत आल्या. चेहरा लाल. बाबांनी त्यांना हातानंच थांबा म्हणून खुणावलं. फरशीची पुढची कड मधोमध झिजली होती, चांगली बोटभर खोल. तिच्यावरून त्यांनी तळवा फिरवला. मग फरशीकडं पाठ करून उभे राहिले. कड त्यांच्या खांद्याच्या बरोबर खाली आली. गालातल्या गालात हसले.

"माझ्याएवढाच होता," म्हणाले.

"कोण?" मी विचारलं.

"ज्याच्यासाठी केलं तो." मग माझ्याकडं वळून, "आत बटाट्याचं पोतं असेल ना? माग त्यांच्याकडून."

मी मागितलं. स्वयंपाकघरातून पंचवीस किलोचं पोतं आलं. बाबांनी ते हातानं तोलून पाहिलं. "हे पोतं? ही तर पिशवी झाली." आणि बासष्ट वर्षांच्या त्या माणसानं गुडघे किंचित वाकवले, एका हिसक्यात पोतं पाठीवर घेतलं, बोळाच्या तोंडापर्यंत गेले आणि वळून आले. चाल बदलली होती. पावलं आखूड, मान पुढं, नजर जमिनीवर. हीच चाल मी लहानपणी यार्डाच्या फाटकाशी डबा घेऊन उभी राहून बघायचे, आणि शंभर माणसांत ओळखायचे. टेबलाजवळ आल्यावर सवयीनं तोंडातून निघालं, "बाजू, बाजू!" अवधूत खुर्चीसकट बाजूला झाला.

फरशीपाशी येऊन त्यांनी पाठ केली, अर्धं पाऊल मागं गेले. पोतं अलगद फरशीवर टेकलं. ते खालून निघाले, कपाळ पुसलं, दोन श्वास घेतले. पुन्हा पाठ लावली, पोतं पाठीवर आलं. कुणाची मदत नाही, वाकणं नाही, उचलणं नाही.

"असं आहे ते," पोतं परत फरशीवर टेकवत म्हणाले. "पोतं एकदा खाली ठेवलं की पुन्हा उचलून द्यायला दुसरा माणूस लागतो. एकट्यानं दम खायचा तर असा टेका पाहिजे. पेठेतल्या जुन्या बाजारात एका दुकानापुढं होता आमच्याकडं. शेठ भला माणूस होता." कडेवर पुन्हा हात ठेवून म्हणाले, "नदीवरून मीठ यायचं ना इथं? मग बरोबर. चढ संपतो तिथंच बसवलाय."

हे सगळं मी बाईंना सांगितलं, शब्द न् शब्द. यात मला काही लपवायचं नव्हतं. बाई त्या झिजलेल्या कडेकडं बघतच राहिल्या. लग्न होऊन त्या घरात आल्याला त्यांना चाळीस वर्षं झाली होती. मग त्यांनी बाबांकडं पाहिलं आणि साधाच प्रश्न विचारला.

"पण व्यापाऱ्याला हे कसं माहीत?"

अवधूतला मराठी कळत होतं, "शेठ भला माणूस होता" कळलं होतं, आणि ती चाल तर आंधळ्यालाही कळली असती. त्यानं माझ्याकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडं खोचक काही नव्हतं. मला सोडवायला म्हणून त्यानंच जर्मनमध्ये सुरुवात केली, "म्हणजे, त्यांच्या दुकानात..."

बाबांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "काय विचारलं त्यांनी ते मला कळलं. तुम्ही नका सांगू अवधूतराव. तिला सांगू दे."

आवाजात राग नव्हता. मुलाखतीला जाताना फाटकाशी "जा" म्हणाले होते तोच आवाज.

हमाल या शब्दाला जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला येत नव्हतं. ब्रेकमधल्या प्रत्येक खिळ्याचं नाव येत होतं. हा शब्द दोन वर्षांत मी शोधलाच नव्हता. मग मी उभी राहिले आणि येत होतं तेवढ्यात सांगितलं. माझे वडील व्यापारी नाहीत. ते पोती वाहायचे, पाठीवर, एकतीस वर्षं. त्यावर मी शिकले. तुम्हाला मी खोटं सांगितलं, आणि यालाही.

फ्राऊ आइश्लरना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं, आणि ते माझ्या वाट्याचं होतं. मग त्यांनी खाली वाकून एक कुंडी उचलली, फरशीपर्यंत नेली, आणि तशीच हातात धरून मला म्हणाल्या, "यांना विचार, कुंड्या आता कुठं ठेवू?"

मी विचारलं.

"खाली," बाबा म्हणाले. "वरची जागा रिकामी असू दे." मग पोतं पाठीवर घेऊन स्वयंपाकघरात ठेवून आले आणि खुर्चीत बसले. मसुराचं सूप आलं होतं. बाबांनी पाव घेतला, सुपात बारीक कुस्करला, एक घास खाल्ला आणि मान डोलावली.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"सगळं?"

"सगळं बाबा."

"मग बस आता. खांदे खाली घे. आणि बाईंना विचार, फोडणी मी दिली तर चालेल का."