खालचा अर्धा तुमचा

आप्पा सुर्वे कानावर खडू ठेवायचा. लोक विडी ठेवतात तसा. गिरणी चालू होती तेव्हा ठेवायचा, बंद पडली तरी ठेवायचा, आणि पुढे म्हातारपणी भंवरकुआं चौकातल्या सायबर कॅफेत कॉम्प्युटरपुढे बसायला लागला तेव्हाही खडू कानावरच. तिथली कोचिंग क्लासची पोरं फिदीफिदी हसायची. आप्पा म्हणायचा, "हसू दे. हा काढला तर मला सुचत नाही."

आप्पा टाइम ऑफिसात कारकून होता, मी साचेखात्यात माग चालवायचो. मी तिसरी शिकलो, पण कुणाकडून वाचून घेतलं नाही कधी. गिरणीच्या फाटकाशेजारी भिंतीवर एक काळा फळा होता, तो आप्पाच्या ताब्यात. वरच्या अर्ध्यात तो बातम्या लिहायचा. कोण वारलं, कुणाच्या मुलीचं लग्न, कुठली पाळी बंद. मग मधोमध आडवी रेघ, आणि रेघेखाली एवढंच: "खालचा अर्धा तुमचा." तिथं ज्याला जे वाटेल ते त्यानं लिहावं. लोक लिहायचे. कँटीनच्या चहात माशी, मॅनेजर असा, युनियनवाला तसा. शिव्याही असायच्या. आप्पा त्या पुसत नसे. मॅनेजरनं एकदा बोलावून झापलं, तर म्हणाला, "साहेब, घाण निराळी आणि शिवी निराळी. शिवी देणारा ओळखीचा असतो."

मग गिरणी बंद झाली. त्याच सुमाराला देश उघडला म्हणे. आमचं फाटक तेवढं बंद झालं, बाकी सगळं उघडलं. कामावरून सुटलेली माणसं सकाळी फळ्यापाशी येऊन उभी राहायची, कारण घरी उभं राहायला लाज वाटायची. आणि त्या फळ्यावर चिकटायला लागल्या जाहिराती. लॉटरी, गोरं होण्याची क्रीम, गुप्तरोग, आणि सगळ्यांत जास्त ते "घर बैठे काम". ज्यांचं काम गेलं त्यांच्याच नाकासमोर! वाइंडिंगमधली गंगूबाई वारली तेव्हा आप्पानं सुवाच्य अक्षरात तिचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्या नावावर मर्दानगीच्या गोळ्यांचा कागद. आप्पानं तो नखांनी खरवडला. नखांत खळ गेली होती. त्या दिवशी तो जेवला नाही. म्हणाला, "या हातानं घास कसा घेऊ?"

कुणीतरी सुचवलं, काचेचं दार लाव, कुलूप घाल. त्यानं लावलं. फळा झाला की स्वच्छ! असा स्वच्छ की कुणी फिरकेना. खालचा अर्धा कोरा. काचेत आपलंच तोंड बघून लोक परत जायचे. एका सकाळी आप्पानं स्वतःच कुलूप काढलं आणि नाल्यात फेकलं. "घाण पुसता येते, मोरे. हे मुकेपण कशानं पुसू?"

पुढे फाटक पाडलं, भिंत पाडली, फळा मलब्यात गेला. आता तिथं काचांची इमारत आहे. आत थंड हवा सोडतात आणि पॉपकॉर्न विकतात. मी त्या रस्त्यानं जात नाही. जावंच लागलं तर थुंकतो.

त्या गंगूबाईच्या मुलीनं, रेखानं, भंवरकुआंला सायबर कॅफे टाकला होता. तिनंच आप्पाला ब्लॉग काढून दिला. म्हणाली, "आप्पाजी, फळाच आहे हा. फक्त भिंत नाही लागत." वर आप्पा गिरणीच्या आठवणी लिहायचा, मराठीत, मधेच हिंदीत. खाली वाचणाऱ्यांनी लिहायची जागा. तिला कॉमेंट म्हणतात. आप्पानं त्या जागेवरही लिहायला लावलं, "खालचा अर्धा तुमचा."

मी एकदाच काय ते मागितलं त्याच्याकडं. माझ्या शेजारच्या मागावर गेंदालाल होता. साचेखात्यात आवाज एवढा की बोललेलं ऐकू येत नाही, ओठ बघून समजायचं. ऐन उमेदीची वर्षं त्याच्या शिव्या मी ओठांवर वाचल्या. गिरणी बंद झाल्यावर तो सुरतेला गेला आणि पत्ता लागेना. मी आप्पाला म्हटलं, "मला काही त्याची पडलेली नाही. पण लिही एकदा. वाचेल कुणीतरी." आप्पा माझ्याकडं बघून हसला आणि लिहिलं: साचेखात्याचे गेंदालाल जिथं असतील तिथून कळवावे, मोरे वाट बघतात. वाट बघतात हे मी सांगितलं नव्हतं.

कॉमेंटा आल्या. तीच घाण! लॉटरी लागली, वजन घटवा, घर बैठे काम. गिरणीतल्या माणसाची एक ओळ आणि त्यावर ह्या राशी. रेखानं उपाय सांगितले. "लॉगिन लावून देऊ नं, मग ईमेलवालेच लिहितील."

"आमच्यात ईमेल कुणाकडं आहे, बेटा?"

"मग टेढी-मेढी अक्षरं येतात, ती ओळखून भरायची. मशीनला नाही जमत."

आप्पानं ती अक्षरं बघितली. इंग्रजी, वाकडी, एकमेकांत गुंतलेली. "मोतीबिंदूवाल्याला कुठं जमतंय? मशीन पकडायला निघालीस आणि म्हातारे पकडशील."

"फिर शब्दबंदी. तुम्ही शब्द सांगा. तो शब्द असला की कॉमेंट सरळ कचऱ्यात. तुम्हाला दिसणारच नाही."

हे आप्पाला पटलं. कंटाळला होता बिचारा, डोळेही दुखायचे. शब्द सांगत गेला. लॉटरी, मर्दानगी, गोरी, वजन. शेवटी दात खाऊन म्हणाला, "आणि काम! त्या घर बैठे कामाचा मला वीट आलाय."

घाण थांबली. आप्पा खूश. पण हळूहळू बाकीचंही थांबलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, खालचा अर्धा कोरा. आप्पा म्हणायला लागला, "मेले वाटतं सगळे." मी काही विचारत नव्हतो, पण रोज कॅफेत जाऊन बसत होतो. उन्हाळा लागता लागता रेखा म्हणाली, "आप्पाजी, कचऱ्याचा डबा भरलाय, रिकामा करून देऊ का?"

"ओतायच्या आधी दाखव," आप्पा म्हणाला.

डबा उघडला तर आत आमची अख्खी गिरणी! "मी रिंगखात्यात काम केलं." "वडील तुमच्याकडे कामाला होते." "मी जुना कामगार." "सध्या रिकामा आहे." "मुक्काम सुरत." रिकामा, कामगार, मुक्काम, सगळ्यांच्या पोटात ते "काम". मशीनला काय कळतंय! गिरणीवाल्यांनी आमचं काम बंद केलं ते केलं, वर आमच्याच माणसानं त्या शब्दालाही फाटक लावलं. आप्पा पांढरा पडला. मला त्या मशीनची, त्या कॅफेची, सगळ्याचीच शिसारी आली.

आणि त्यात तो होता. "रामराम आप्पासाब. मैं गेंदालाल. सूरत में पावरलूम पे काम मिला है. मोरे को बोलना जिंदा हूँ." दिवाळीच्या आधीचं होतं. सुनेनं टाइप केलेलं.

आप्पानं तिथल्या तिथं सगळी बंदी काढायला लावली. वर लिहिलं, चूक माझी, माफ करा, गेंदालालचा निरोप मोरेला आज मिळाला. आणि म्हणाला, "चाळणी नको, बेटा. मी बसतो. एकेक वाचीन, घाण हातानं काढीन. फळा काय आपोआप पुसला जायचा?" तेव्हापासून तो रोज बसायचा. नाक मुरडत, पुटपुटत, डोळ्यांत औषध घालून.

गेंदालालचं दुसरं उत्तर आठवड्यात आलं. "अबे हरामखोर मोरे, पूरी सर्दी राह देखी, अब याद आया तुझे? मर जा साले." रेखा घाबरून म्हणाली, "काढून टाकू नं हे?" आप्पा माझ्याकडं बघत होता. मी पडद्याकडं. ती शिवी मी पहिल्यांदा अक्षरात बघत होतो. आप्पानं कानावरचा खडू काढला आणि माझ्या हातात दिला. "जा मोरे. फळ्यावर उत्तर दे." मी एका बोटानं जे लिहिलं ते इथं छापण्यासारखं नाही.

आप्पा परवाच्या थंडीत गेला. झोपेत. रेखानं वर लिहिलं, "आप्पा सुर्वे वारले." चहा येईपर्यंत खाली आलंच, घर बैठे काम, रोजचे इतके कमवा. मेलेल्या माणसाच्या उशाशी! अंगावर किळसेनं काटा आला. मी रेखाला म्हटलं, सरक. आणि ते पुसलं.

आता रोज मीच बसतो. तिसरी शिकलेला माणूस, एक बोट, पण एकेक वाचतो. रेखा सांगते, काका, आता फार हुशार चाळण्या निघाल्यात. मी म्हणतो, असू देत.

आप्पाच्या बातमीखाली संध्याकाळी गेंदालालचं आलं: "आप्पासाब जैसे चले गए और तू बैठा है, हरामखोर." रेखानं हळूच विचारलं, "काका, आज तरी हे काढू?"

मी म्हटलं, "हात लावू नको. लिहिणारा ओळखीचा आहे."