नमस्कार घालणारा जावई

कॉलेजात असताना आम्ही चौघांनी एक सिनेमा काढला. हसू नका. म्हणजे सिनेमाला हसा, तो त्यासाठीच होता. पण आम्ही काढला यावर हसाल तर माझं डोकं फिरेल. ते तेव्हाही पटकन फिरायचं, अजूनही फिरतं.

चांद्याच्या आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या सरांकडे चावीचा एक कॅमेरा होता. देश सोडून जाताना कुणी गोरा साहेब तो त्यांना देऊन गेला होता. सरांनी कॅमेरा आणि दोन रिळं आमच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "ही संपली की संपली. तिसरं मागायला येऊ नका." चावी भरली की कॅमेरा घर्रर्र करत जेमतेम अर्धा मिनिट चालायचा. चित्र यायचं, आवाज नाही.

गोष्ट मी रचली. दिवाळीला सासुरवाडीला निघालेला जावई, त्याच्या बगलेत भेटीचा कोंबडा, आणि वाटेत कोंबडा पळतो. बस, एवढीच. डायरेक्टरही मीच, कारण चौघांत सगळ्यात मोठ्यानं ओरडता मलाच यायचं. कॅमेरा माझ्या खोलीतल्या सोबत्याकडे. त्याचं गाव वैनगंगेच्या काठी, गडचिरोलीच्या बाजूला, म्हणून पोळा झाल्यावर आम्ही तिथेच जाऊन उतरलो. आणि दुसऱ्याच दिवशी आमचा हिरो हिवतापानं आडवा झाला.

"गावात एक भाऊ हायेत," सोबती म्हणाला. "दंडारीत हसवाचे. उभे राह्यले का लोक पोट धरून लोळाचे. पण घसा गेला त्याईचा. बोलताच येत नाई."

"अरे, मग आपल्याला कुठं बोलायचंय?" मी उडालोच.

भाऊ पन्नाशीचे, काटकुळे, कान मोठे. आजारपणात आवाज गेला तो गेलाच; नुसती फुसफुस उरली होती. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं रात्रभराचं नाटक, गाणं आणि नाच. आवाजाशिवाय तिथं उभं कोण करणार? दिवाळीनंतरच्या दोन मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, झाल्या, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आमचं म्हणणं ऐकून ते आत गेले आणि जुना फेटा बांधूनच बाहेर आले. त्यांची बायको आमच्यामागे अंगणापर्यंत आली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "मंडईच्या रातीले हे घराचं दार लावून बसते जी. ढोलकी ऐकू येऊ नये मनून. तुमच्या सिनेमात लोक हसतीन का जी?"

"हसतील बाई, हसतील," मी म्हणालो. बोलायला काय जातं!

शूटिंग सुरू झालं धानाच्या बांधीवर, म्हणजे भाताच्या खाचरावर. सोबत्यानं चावी भरली, मी ओरडलो, "चला!" कॅमेरा घर्रर्र झाला. भाऊ दोन पावलं आले, थांबले, खाली वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून दोन्ही हात जोडले. मग चालायला लागले. तोवर चावी संपली.

"भाऊ, नमस्कार नाही! नुसतं चालायचं!"

त्यांनी मान डोलावली. परत चावी, परत घर्रर्र, परत नमस्कार. दंडारीत प्रवेश करायचा तर आधी रंगभूमीच्या पाया पडायचं, मग मायबाप लोकांना हात जोडायचे. तीस वर्षांची सवय. मी समजावलं, हात जोडले, शेवटी बोंबललो. सोबती म्हणाला, "त्याईले न सांगता काढू." तसं केलं. भाऊ छान निवांत चालत होते, तेवढ्यात त्यांच्या मोठ्या कानांनी घर्रर्र टिपलं आणि मधेच थांबून ते वाकले. पहिलं रीळ असं नमस्कारातच गेलं. मी डोक्याला हात लावून बांधावर बसलो.

"काऊन करून राह्यले भाऊ असं? रीळ संपून राह्यलं ना आपलं!" सोबती काकुळतीला आला.

भाऊ जवळ आले. फुसफुसत, एकेक शब्द ओढत म्हणाले, "पाया नाई पडलो, त लोकाईले हसू येत नाई बाबू. अन् यावेळी हसूच पायजे मले."

पण दुसरं रीळ वाचवायचं होतं. मी त्यांच्या डोक्यावर गाडगं दिलं, एका बगलेत कोंबडा, दुसऱ्या हातात छत्री. आता जोडा म्हटलं हात! घर्रर्र झालं. भाऊंनी क्षणभर विचार केला. मग गाडगं सांभाळत हळूहळू गुडघ्यावर बसले, छत्रीचं टोक मातीला टेकवून कपाळाला लावलं, कोंबड्याची मान दोन बोटांत धरली आणि त्याच्याकडूनच कॅमेऱ्याला नमस्कार घातला. कोंबडा फडफडला, सुटला, धानात घुसला. गाडगं फुटलं. बांधीत निंदायला आलेल्या बाया खुरपी टाकून हसत सुटल्या. सोबत्याचा हात हसण्यानं असा हालत होता की मी धावत जाऊन त्याची कोपरं धरली.

तिथंच माझी ट्यूब पेटली. अरे, हाच तर सिनेमा आहे! जावई नमस्कार घालणारा! म्हटलं, "भाऊ, आता सगळ्यांच्या पाया पडा. बैलाच्या, वारुळाच्या, मोहाच्या झाडाच्या, दिसेल त्याच्या!" भाऊ पडले. म्हशीच्या पाया पडले तेव्हा म्हैस मागे सरकली. सासूच्या पाया पडायला वाकले आणि तिच्या पायाशी कोंबडा सापडला. रीळ तिथंच संपलं.

रिळं धुवायला मुंबईला गेली. तोवर भाऊ दर बाजाराच्या दिवशी सोबत्याच्या घरी यायचे, नुसती बोटं हलवून विचारायचे, आलं का? रिळं आली, आम्ही ब्लेडनं कापून खोलीत जोडली. बांधीवरचा पहिला नमस्कार सोबती कापायला निघाला होता. मी त्याच्या हातावर चापट मारली.

दिवाळीनंतरच्या मंडईत, दंडार उभी राहायच्या आधी, दोन बांबूंना धोतर ताणलं. कॉलेजातून आणलेल्या प्रोजेक्टरला टुरिंग टॉकीजवाल्यानं आपल्या इंजिनावरून वायर दिली. बिचाऱ्याला नंतर पस्तावा झाला, कारण त्याचे प्रेक्षक आमच्याकडे उठून आले. भाऊ सगळ्यात मागे, घोंगडं पांघरून बसले होते. शेजारी त्यांच्या बाई.

धोतरावर भाऊ आले, वाकले, हात जोडले. आणि पुढं बसलेल्या एका म्हातारीनं सवयीनं उलट हात जोडले. "राम राम जी!" म्हणाली. हास्याचा पहिला भडका तिथं उडाला आणि मग तो विझेचना. बैलाला हसले, वारुळाला हसले. कोंबड्यानं नमस्कार घातला तेव्हा माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. शेवटी आरडाओरडा, "वन्स मोर! वन्स मोर!" दंडारवाल्यांचा ढोलक्या आमच्या धोतरासमोर येऊन ढोलकी बडवायला लागला.

सोबती रीळ उलटं गुंडाळत होता, प्रोजेक्टरचा दिवा तसाच चालू होता. लोक भाऊंना शोधत होते. कुणीतरी घोंगडं ओढलं, कुणी हात धरला आणि त्यांना पुढं, थेट उजेडात आणून उभं केलं. धोतरावर त्यांची सावली पडली, मोठ्या कानांची. त्यांचे हात अर्धे वर आले आणि थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस मी त्याच एका गोष्टीसाठी त्यांच्यावर ओरडत होतो ना!

मी होता नव्हता तेवढा दम लावून ओरडलो, "पडा भाऊ, पाया पडा! मनसोक्त पडा!"

ते वाकले. मातीला हात, कपाळाला हात, मग चारी बाजूंना हात जोडून ते कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. माझ्यामागे बाई तोंडावर पदर दाबून रडत होत्या आणि पुन्हा पुन्हा मलाच सांगत होत्या, "हसले जी. हसले ना जी लोक."