ईशीजीवाले भाऊ

माणसाने आयुष्यात काहीतरी दिवे लावावेत अशी आईबापांची अपेक्षा असते. माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यभर दिवे घालवले आणि त्यातच नाव काढले. आंबीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते लोणावळ्यातल्या आमच्या लहानशा धर्मादाय रुग्णालयाचे विश्वस्त झाले आणि येताना ईएसजी घेऊन आले. पर्यावरण जपा, समाजाचे भले बघा, कारभार स्वच्छ ठेवा, एवढाच त्याचा अर्थ. पण साडू तो शब्द आरतीसारखा म्हणत. मी तिथला व्यवस्थापक. या पदाला अधिकार फारसे नाहीत, पण खोलीला एसी होता. पहिल्याच आठवड्यात साडूंनी तो काढायला लावला. "अहो, लोक लोणावळ्याला हवा खायला येतात, आणि तुम्ही खिडकी लावून बसता?" त्यानंतर मी खिडकीतून हवा आणि माकडे दोन्ही खात्यात जमा करून घेऊ लागलो.

कचऱ्याच्या बाबतीत तर त्यांचा जीव रंगीत बादल्यांत गुंतलेला. पिवळीत काय, लालमध्ये काय, हे त्यांनी वॉर्डबॉयपासून माझ्यापर्यंत सगळ्यांकडून पाढ्यांसारखे घोकून घेतले. भाचीच्या लग्नातही ते उष्ट्याच्या टोपल्यांपाशी उभे राहून द्रोण वेगळे, पत्रावळ्या वेगळ्या करत होते. वरपक्षाला वाटले, हा वाढप्यांचा मुकादम. त्यांनी मठ्ठा मागितला. साडूंनी तो वाढला, आणि "टाकायचा नाही" असा दमही भरला. मधुमेहाच्या रुग्णाला भेटायला येणारे चिक्की घेऊन येत. साडू ती जप्त करत, पुठ्ठा एकीकडे, प्लॅस्टिक दुसरीकडे. चिक्की कुठल्या रंगाच्या बादलीत जाते हे नियमांत नसल्याने ती माझ्या टेबलावर येई. माझ्या पोटाचा आजचा घेर ही त्यांच्या पर्यावरणप्रेमाची देणगी आहे.

आमची एक जुनी डिझेलची गाडी दर गुरुवारी डॉक्टर, औषधे आणि मला घेऊन आंदर मावळातल्या डोंगरी खेड्यांत जायची. ती धूर फार सोडते म्हणून साडूंनी बंद केली. मी मनापासून मान डोलावली, कारण त्या रस्त्याने माझीही कंबर खिळखिळी होत असे. फाटकावर मोठी पाटी लागली: 'येथे सर्वांसाठी ईएसजी'.

एका सकाळी आंदर मावळातली एक म्हातारी मावशी प्लॅस्टिकची पिशवी सावरत माझ्या दारात उभी राहिली.

"सायेब, हितंच ईशीजी काढत्यात न्हवं? समद्यांचा काढत्यात म्हनं."

तिला हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी हवा होता. मी हसून तिला ईएसजी समजावू लागलो. विषय माझा आवडता नव्हता, पण श्रोता मिळाला की मला राहवत नाही. पर्यावरण झाले, समाज झाला, मी कारभारावर आलो. मावशीने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"व्हय, ते समदं काढा. पर छातीत दुखतंय, तेबी बगा."

साडू मागेच उभे होते. त्यांनी तिला खुर्चीत बसवले. "मावशी, आलात कशा?"

"फाट्यापातूर चालत. तितनं जीपनं. गुरवारची गाडी येत न्हाई आता. आमी वाट बगून बगून उटतो."

ईसीजी निघाला आणि डॉक्टरांनी तिला परत उठूच दिले नाही. अतिदक्षता विभागाचे दार लागले. साडू बाहेर उभे राहिले. भर दुपारी डोक्यावर दिवा जळत होता, आणि त्यांनी तो घालवला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "अहो, मी पर्यावरण सांभाळलं आणि समाजाला चालायला लावलं."

मावशी वाचली. घरी जाताना साडूंनी तिची प्लॅस्टिकची पिशवी काढून घेतली आणि आपली कापडी दिली. तेवढे त्यांच्याने सुटेना. गाडी पुन्हा सुरू झाली. साडू स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून जाऊ लागले, आणि गाडी थांबली की आधी इंजिन बंद करायला लावू लागले. मावशी त्या पिशवीतून तांदूळ पाठवी, साडू तीच पिशवी पेरू भरून माघारी नेत. आंदर मावळात त्यांचे नाव 'ईशीजीवाले भाऊ' पडले. ईएसजी आणि ईसीजी यांतला फरक त्यांनी बरेच दिवस समजावला, मग सोडून दिला.

यंदा त्यांचा स्वतःचाच ईसीजी बिघडला. डॉक्टरांनी तो रस्ता बंद केला, म्हणून आता गुरुवारी माझी कंबर जाते. गेल्या खेपेला मावशी पिशवी घेऊन वाटेवर उभी होती. मला बघून ती गाडीत डोकावली.

"ईशीजीवाले भाऊ कुटं?"

मी सांगितले. तिने पिशवीची गाठ पुन्हा घट्ट बांधली. मग पिशवी माझ्या हातात दिली. "मऊ भात करून घाला म्हनावं. आन पिशवी माघारी त्यांच्याच हातानं यिऊ द्या."

संध्याकाळी साडूंच्या घरी जाऊन मी तो निरोप जसाच्या तसा सांगितला. साडूंनी तांदूळ काढायला लावले, पिशवीची नीट घडी केली आणि उशाशी ठेवली. मला त्यांची इतकी सवय झाली आहे की निघताना माझा हात आपोआप दिव्याच्या बटणाकडे गेला.

"राहू द्या," साडू म्हणाले. "आज असू दे."