वाचून न दाखवलेलं पुस्तक

आई खांदा कॉलनीत एकटी राहायची आणि मी खारघरला. अंतर इतकं कमी, की लांब राहतो असं म्हणायचीही सोय नव्हती. शाळेत इंग्रजी शिकवून ती निवृत्त झाली होती आणि मधुमेहाने तिची नजर हळूहळू जात चालली होती. ई-बुक वाचायचं यंत्र मी तिला घेऊन दिलं ते त्यातल्या आवाजासाठी. बटण दाबलं की एक परदेशी बाई सपाट सुरात वाचायला लागे. आई तिला 'आमची बाई' म्हणायची आणि लसूण सोलता सोलता तिचे उच्चार सुधारायची.

मग एक कादंबरी आली. अक्षरं मोठी करत करत आईने ती अर्धी स्वतःच वाचली. पुढे पडद्यावर चार शब्द मावेनात, तेव्हा बाईला बोलवायला गेली, तर त्या पुस्तकात आवाज चालूच होईना. मी कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस फार नम्र होता. पुस्तक तुमचंच आहे, म्हणाला, फक्त यंत्राने ते मोठ्याने वाचायला प्रकाशकाची परवानगी नाही. ते कुलूप आम्हालाही काढता येत नाही.

आईला सांगितलं तर ती हसली. "म्हणजे पैसे फक्त डोळ्यांचे भरलेत आपण." मग म्हणाली, "तू वाचशील? रोज नको. रविवारी आलास की थोडं थोडं."

एक रविवार वाचलं. माझेही उच्चार ती सुधारत होती, खुशीत होती. मधेच मोबाइल वाजला, मी बाल्कनीत गेलो आणि परत आलो ते चप्पल घालायलाच. पुढच्या रविवारी गेलो नाही. त्यानंतर गेलो तेव्हा बाजारातून कोलंबी नेली, म्हणजे ती काही बोलणार नाही. शिवाय पुस्तक मी संपवलंय, शेवट सांगून टाकतो, असं म्हणालो. मी पुढचं एक पानही उघडलं नव्हतं. नायिका बहिणीकडे परत जाते, दोघींचं जुळतं, असं काहीतरी रचून सांगितलं.

आईने सगळं ऐकून घेतलं.

"बहीण मध्यावरच वारली रे," ती म्हणाली. "राहू दे. दमतोस तू."

मी माफी मागितली नाही. चहा घेतला आणि निघालो. यंत्राचा आवाज प्रकाशकाने बंद केला होता, हे खरं. माझा कोणी बंद केला नव्हता. आईसाठी केवढं महागाचं यंत्र आणलंस, असं नातेवाईक अजून म्हणतात आणि मी ऐकून घेतो.

तिने पुन्हा कधी वाचायला सांगितलं नाही. बाईला वाचू देणारीच पुस्तकं ती घ्यायला लागली, बरीचशी जुनी, तीच तीच. संध्याकाळी फोन केला की मागे तो सपाट सूर चालू असायचा. प्रकरण चाललंय, नंतर बोलू, म्हणायची. मला सुटल्यासारखं वाटायचं.

एकदा गेलो तेव्हा बाई वाचतच होती. आईने दार उघडलं, हाताने खुर्ची दाखवली आणि आपल्या जागी जाऊन बसली. बाईला तिने थांबवलं नाही. मी बसलो. गोष्ट कुठून कुठे चाललीय, काही कळत नव्हतं. मधेच आई हसली. कशाला हसलीस, असं विचारायला मला तोंड नव्हतं.