बर्फावर काढलेला नकाशा

नवरा गेल्यानंतर तीन वर्षं मी देवासमोर हात जोडले नव्हते. रागानं नव्हे, मागण्यासारखं काही उरलंच नाही, असं वाटायचं. दर शनिवारी भद्रा मारुतीच्या दर्शनाला जाणारी मी, पण तेही सुटलं. तोवर शाळेतूनही निवृत्त झाले होते. गुलमंडीजवळच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला, फळ्यावर हिमनद्या काढल्या. खरी हिमनदी मात्र कधी पाहिली नव्हती. माझी लेक मुक्ता नोकरीसाठी स्वित्झर्लंडला असते आणि तिथंच ती गिर्यारोहण शिकली. एकदा फोनवर म्हणाली, "आई, तू फळ्यावर काढायचीस तो डोंगर तुला पायाखाली दाखवते." मग वर्षभर मी दौलताबादच्या पायऱ्या चढले, कन्नडच्या घाटात चालले आणि गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेले.

तो डोंगर म्हणजे पूर्व-पश्चिम पसरलेली एक लांब धार. उत्तरेला हिमनदी, दक्षिणेला उघडा खडक. आमची वाट उत्तरेची होती: पायथ्याच्या, गिर्यारोहकांच्या मुक्कामासाठी बांधलेल्या झोपडीतून निघायचं, हिमनदी ओलांडून धारेवरच्या खिंडीत पोहोचायचं आणि तिथून धारेनंच शिखर. दक्षिणेकडूनही खडकातून एक वाट खिंडीत चढते, पण ती आम्ही पाहिलेली नव्हती. या शिखरासाठी मुक्तानं दोन वर्षं तयारी केली होती. "बाबा असते तर खालून दुर्बीण लावून बसले असते," ती म्हणायची.

पहाटे निघालो. दोघींच्या कमरेला एकच दोर होता. लेक पुढं, मी मागं. ती बर्फात काठी खुपसून भेगा तपासायची, मगच मला पाऊल टाकू द्यायची. लहानपणी मी तिला रस्ता ओलांडून न्यायचे, तसंच. त्या पाठीकडं बघताना माझा ऊर भरून येत होता. खिंडीत पोहोचलो आणि धुकं उतरलं. शिखर डोळ्यांसमोरून पुसलं गेलं. मुक्ताचा पडलेला चेहरा मला बघवेना. जाड हातमोज्यांतले हात कसेबसे जुळवून मी तीन वर्षांनी पहिल्यांदा म्हणाले, "मारुतीराया, माझ्या लेकीला वरपर्यंत ने."

थोड्या वेळानं धुक्यातून पावलं वाजली. शिखराच्या बाजूनं एक बाई एकटीच येत होती. पन्नाशी उलटलेली, डोक्याला लाल टोपी. आम्हाला बघताच तिनं दोन्ही हात आडवे केले. मुक्ता तिच्याशी जर्मनमध्ये, मग इंग्रजीत बोलली, पण ती इटलीच्या बाजूची, एकमेकींचं काही कळेना. मग ती गुडघ्यावर बसली आणि बर्फ फोडायच्या कुऱ्हाडीच्या टोकानं बर्फावर रेघा ओढू लागली. पुढच्या धारेवर एक फुली मारली.

"पुढं वाट नाही म्हणते," मुक्ता म्हणाली. "चल आई, आलो तसं उतरू."

माझी नजर त्या रेघांवरून हलेना. त्या सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा होत्या! फुलीच्या उत्तरेला एकमेकींना चिकटलेल्या, म्हणजे थेट कडा. त्या कड्याखाली बाईनं एक बाण सोडला होता, आणि तो आमच्या हिमनदीवरच्या वाटेवर येऊन थांबत होता.

"मुक्ता, थांब. धारेबाहेर लोंबणारा बर्फाचा सज्जा सुटत आलाय. पडला तर आपल्याच वाटेवर पडेल. दक्षिणेनं उतरायचं."

"नक्की?"

"नकाशा माझा विषय आहे, बाळा."

शिखर जेमतेम तासाभरावर होतं. मुक्तानं एकदा त्या दिशेला पाहिलं, नाकावरचं पाणी पुसलं आणि दोर दक्षिणेकडं वळवला. अनोळखी खडक, ओला दगड. पण माझं एकेक पाऊल तिनं स्वतःच्या हातानं ठेवून घेतलं. "लई भारी आई, आता डावा पाय." बाई पुढं चालत वाट दाखवत होती. निम्म्यात असताना धारेपलीकडून मोठा गडगडाट ऐकू आला. तिघीही जागीच थांबलो. दक्षिण पायथ्यालाही तशीच एक झोपडी होती; तिथं पोहोचल्यावर तिथल्या माणसानं मुक्ताला इंग्रजीत सांगितलं, सज्जा कोसळून हिमनदीवरची वाट गाडली गेली. सुदैवानं तिथं कुणी नव्हतं.

बाई कोपऱ्यात सूप पीत बसली होती. मी जाऊन तिच्या पायाला हात लावला. ती गडबडून उठली, मला धरलं आणि स्वतःच रडू लागली.

आपल्या शहरात परत आल्यावर शहागंजच्या बाजारात शाहेदा भाभींच्या दुकानात गेले. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "टीचर, चोटी तक गए क्या?"

"नाय भाभी," मी म्हणाले, "माझ्या लेकीनं मला तासभर आधीच माघारी आणलं." हे सांगताना माझी मान ताठ होती. दोन वर्षं उराशी धरलेलं शिखर तिनं एका क्षणात सोडलं, यापेक्षा मोठी चढाई मला ठाऊक नाही. मी देवाकडं वर जायची वाट मागितली होती. त्यानं ती नाकारायला एक बाई पाठवली, आणि मला वाचता येईल अशाच अक्षरांत निरोप धाडला. आता मी पुन्हा हात जोडते. मागत काही नाही. तो नेईल त्या बाजूनं उतरायची तयारी तेवढी ठेवते.