कुर्डूच्या दोन पाट्या

दर शनिवारी एसटीने पुण्याला जाऊन पूर्णिमा जपानी शिकली. पुढे कोल्हापुरात राजारामपुरीत, एका दवाखान्यावरच्या खोलीत, नोकरीसाठी जपानला निघालेल्या इंजिनिअर पोरांना ती ही भाषा शिकवू लागली. नव्व्याण्णव साली कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी तिला मोठं काम दिलं. राधानगरीच्या वनस्पतींचं प्रदर्शन जपानमधल्या एका संग्रहालयात भरणार होतं, त्याच्या पाट्या जपानीत करायच्या होत्या. तिचं नाव पहिल्यांदाच छापून येणार होतं.

शास्त्रीय नावं सोपी निघाली. ती सगळीकडे सारखीच. यादीत कुर्डूपुढे सरांनी 'तण' लिहिलं होतं. पूर्णिमाने कोशातला जपानी शब्द, 'झास्सो', उचलून ठेवला आणि पुढच्या झाडाकडे वळली.

छापील नमुना आला तेव्हा तिची आई तानाबाई फोटो बघत बसली. उभा जन्म तिने राधानगरीकडे दुसऱ्यांच्या नाचणीतलं तण उपटत भांगलण केली होती.

"अगं, ही कुर्डू न्हवं? हिला कशाला जपानला न्हेत्यात?" ती हसली. "आन खाली काय लिव्हलंयस?"

पूर्णिमाने नमुना आपल्याकडे ओढला. भांगलताना आई उपटलेल्याचे बांधावर दोन ढीग करायची. एक, फुलांचा तुरा आलेल्यांचा, फेकायचा. दुसरा, कोवळ्या कुर्डूचा, ओच्यात बांधून घरी यायचा. त्याला लसणाची फोडणी बसली की भाकरी सरायची. पावसाळाभर घर जे खाऊन जगलं, त्याला पूर्णिमाने स्वतःच तण ठरवून टाकलं होतं.

ती सरांकडे गेली. "सर, कुर्डूला दोन पाट्या पाहिजेत. कोवळी असताना एक, तुरा आल्यावर दुसरी."

"एका झाडाला दोन पाट्या? शास्त्रात बसत नाही ते."

"शास्त्रीय नाव दोन्हीकडं तेच राहू दे की. पण तण हे काय शास्त्र नाही, सर. ते शेताच्या मालकाचं मत आहे."

"आणि संग्रहालय नाही म्हणालं तर?"

"तर माझं नाव काढा."

"भांडायला शिकलीस होय गं जपानी?" सर म्हणाले, आणि संग्रहालयाला पत्र लिहायला बसले.

उत्तर येईपर्यंत पूर्णिमाने नाव गेलं असंच धरलं होतं. आलं ते एवढंच: दुसरा फोटो पाठवा. कोवळ्या कुर्डूसाठी तिने शब्द शोधून ठेवला होता. 'त्सुमिना', खुडून आणलेली भाजी. डोंगरातल्या रानभाजीलाही जपानीत चांगला शब्द होता, पण तो तिने घेतला नाही. आईची भाजी डोंगरातली नव्हती, परक्याच्या शेतातली होती.

नव्या पाट्या आल्यावर तिने पहिली आईला वाचून दाखवली, अर्थासकट. तानाबाईने बोट पुढं सरकवलं.

"आन ह्या तुऱ्याखाली?"

"तण," पूर्णिमा दबकत म्हणाली.

"बरुबर हाय की. तुरा आल्यावर म्हसबी तोंड लावत न्हाय."