रेघेच्या आतलं घर

आमच्या ओळखीचा एक मिस्त्री फर्निचर करतो, पण ते माणसांनी वापरायचं नव्हे. बिल्डर लोक विकायच्या घराचा एक नमुना सजवून ठेवतात ना, त्यातलं सामान त्याच्या हातचं. पलंग वीतभर आखूड, कपाट उथळ, खुर्च्या अशा की बसल्यावर श्वाससुद्धा जपून सोडावा. सामान बारकं असलं की खोली ऐसपैस दिसते, आणि खोली ऐसपैस दिसली की गिऱ्हाईक सही करतं. एवढं सगळं पोटात असलेला हा गडी स्वतः घर बघायला गेला, आपल्याच हातच्या पलंगावर टेकला आणि म्हणाला, "खोली चांगली प्रशस्त आहे हो!"

मिस्त्रीणबाईनं कपाळाला हात लावला. "अहो, पलंग तुम्हीच केलाय."

"केलाय. पण इतका चांगला झालाय हे आत्ता कळलं."

घर खरं तर तिलाच हवं होतं. जुन्या गोदामाच्या माडीवर एका लांबलचक खोलीत ती, नवरा आणि सासू भाड्यानं राहत. मालक दर वर्षी भाडं चढवायचा आणि वर ऐकवायचा, "परवडत नसेल तर सोडा, लोक रांगेत आहेत." ऊठ म्हटलं की उठावं लागणार नाही अशी जागा डोळे मिटायच्या आत मिळावी, एवढंच तिचं मागणं. पण त्या घराची किंमत ऐकून तिचे डोळे पांढरे झाले. आजवरचं साठवलेलं सगळं ओतायचं आणि पुढचे हप्ते मिस्त्रीच्या हातातला रंधा गळून पडेपर्यंत भरायचे. एजंट म्हणाला, "वहिनी, महिनाअखेर भाव वाढतोय. विचार करा, पण पटकन करा."

मिस्त्रीनं तोड काढली. "घ्यायच्या आधी राहून बघू."

त्यानं नकाशावरची मापं घेतली, निळ्या रंगात बुडवलेली दोरी ताणली आणि खोलीच्या जमिनीवर फटाफट रेघा उमटवल्या. हा हॉल, ही बेडरूम, हे स्वयंपाकघर, ही मोरी. अख्खं घर खोलीत मावलं आणि वर दाराच्या बाजूला एक पट्टी उरली! विकत घ्यायचं घर राहत्या खोलीहून लहान. दुसरा कुणी तिथंच हसून मोकळा झाला असता. पण मिस्त्रीच्या धंद्यात एकदा रेघ मारली की ती भिंत, तिथं वाद नाही. सगळं सामान त्यानं रेघेच्या आत ओढलं, नमुन्याच्याच मापाचा पलंग ठोकला आणि तिघांचा संसार सुरू झाला.

"आई, भिंतीतून गेलीस!" मिस्त्री ओरडे.

"भिंतीनं अडवलं असतं तर थांबले असते," म्हातारी म्हणे. "तुझ्या बापानंही मला इतकं अडवलं नव्हतं."

मिस्त्रीणबाई मात्र मन लावून राहायची. रेघेतल्या दारातूनच जायची-यायची, कोपरं अंगाला चिकटवून भांडी घासायची, झोपेत पाय भिंतीपार गेले की ओढून घ्यायची. सवय होईल म्हणायची. हळूहळू तिला ते घर आवडायलाही लागलं. तिनं खिडकीसाठी पडदा शिवला. टांगायचा कशाला, एवढाच प्रश्न राहिला.

मधेच मालक भाडं न्यायला आला. पट्टीत उभा राहून इकडंतिकडं बघू लागला. "ही जागा वापरत नाही वाटतं?"

"छे," मिस्त्री अभिमानानं म्हणाला, "ती घराबाहेर आहे."

झालं! दुसऱ्या दिवशी वळकटी आणि भलामोठा पितळी भोंगा घेऊन एक उंचच उंच बँडवाला दारात हजर.

"कोण हो तुम्ही?" मिस्त्रीणबाईनं विचारलं.

"शेजारी."

ती तशीच मालकाकडे गेली, म्हणाली, त्याचं भाडं आमच्यातून वजा करा. मालक म्हणाला, "तुमच्या घराला पट्टी नव्हतीच ना?" ती हात हलवत परत आली.

बँडवाला दुपारी पट्टीत आडवा व्हायचा. भोंग्याचं तोंड रेघ ओलांडून थेट बेडरूममध्ये.

"अहो बँडवाले," म्हातारी म्हणाली, "तुमचं भांडं आमच्यात आलंय."

"तोंडच तेवढं आलंय, आजी. धड माझ्याकडेच आहे."

मिस्त्रीणबाईचं लक्ष भोंग्याकडे नव्हतं, त्याच्या पायांकडे होतं. दोन्ही पाय सरळ, बोटं मोकळी, आणि पुढंही जागा शिल्लक.

"झोप लागते का हो?" तिनं विचारलं.

"मस्त! शेजार फार शांत. तुम्ही लोक हलतसुद्धा नाही."

"हलायला जागा कुठाय?" ती बोलून गेली.

महिनाअखेरीला एजंट कागद घेऊन आला, तो सरळ रेघेवरून आत.

"दारातून या," मिस्त्रीणबाई म्हणाली.

बिचारा मागं फिरला, वाकून दारातून आला. "सही करू या, वहिनी?"

"आधी जरा त्या पलंगावर आडवे व्हा."

"मी?"

"विकायचंय ना?"

एजंट आडवा झाला. बुटांसकट त्याचे पाय भिंतीपार गेले आणि भोंग्यात शिरले. आतून घुमल्यासारखा आवाज आला. बँडवाला दचकून उठला.

"अहो, इथं नुसती रेघ आहे म्हणून," एजंट पाय सोडवत म्हणाला. "तिकडं खरी भिंत आहे, पाय बाहेर जाणारच नाहीत!"

"तेच म्हणतेय मी," मिस्त्रीणबाई म्हणाली.

कागद तिनं त्याच्या हातात परत दिले. हा मालक पुढच्या वर्षी पुन्हा भाडं चढवणार, 'सोडा' म्हणणार, हे तिला कळत नव्हतं असं नाही. ते ऐकून घेण्याची तिची तयारी झाली होती. एजंट गेला तशी तिनं पदर खोचला, फडकं ओलं केलं आणि बेडरूमची भिंत खसाखसा पुसायला घेतली. मिस्त्रीनं निळी दोरी गुंडाळायला घेतली. ओरडला तो बँडवाला.

"अहो ताई, काय करताय! माझी भिंत आहे ती!"

"भिंत हवीय?" ती मान वर न करता म्हणाली. "पळा मग. एजंट अजून जिन्यातच असेल."